एकाच ताग्यातले दोन सदरे

शांता,

परवा तुझी तेरवी झाली. भात थोडा जास्त शिजला, बाकी सगळं नीट पार पडलं. पाहुणे गेले, उसनी आणलेली गंज-पातेली ज्याची त्याला पोचवली आणि आज सकाळी मी दुकान उघडलं. महिला मंडळाच्या बायका येऊन म्हणाल्या, शांताबाईंवर काहीतरी लिहून द्या. त्यांना एक पान लिहून दिलं. त्यात तुझे सगळे सद्गुण आहेत आणि एकही खरी गोष्ट नाही. हे दुसरं मी तुला लिहिते आहे. आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय. तू अंथरुणाला खिळलीस तेव्हा मी ते बाजूला ठेवलं, म्हटलं बरी झालीस की पुन्हा काढू. तू बरी झालीच नाहीस.

तू माझी धाकटी जाऊ. मी लग्न होऊन पवनीच्या या घरात आले तेव्हा तुझा नवरा मधू अर्ध्या चड्डीत शाळेत जायचा आणि त्याच्या डोक्याला तेल मी चोपडायचे. कापडाच्या दुकानात त्याचं मन कधी रमलं नाही. त्याला यंत्रं हवी असायची. तुमसरच्या एका राइस मिलमध्ये तो फिटर झाला आणि तिथे त्याला आसगावचा रामा भेटला. दोघांची उंची एक, अंगकाठी एक, बोलणंही तसंच. मिलमध्ये त्यांना जोडीनेच हाक मारायचे. आखातात काम मिळालं तेही दोघांना एकदमच.

जाण्याआधी मधू दुकानात आला आणि निळ्या रेघांच्या ताग्यावर हात ठेवून म्हणाला, "वहिनी, दोन सदऱ्याचं फाडा."

"दोन कायले? एकच विमान हाय ना?"

"एक रामाले. त्याची माय काय शिवून देईन त्याले? तिले सुईत दोरा दिसत नाई."

मी फाडून दिलं. तुमसरच्या एकाच शिंप्याने दोन्ही शिवले आणि दोघे ते सदरे घालून निघाले. तू दारात उभी राहून हसलीस, "बॅण्डवाले चालले वो, बाई!" मधूने वळून तुला हात केला होता. तो तुझ्या बोलण्याला होता की तुला, यावर आपण पुढे एकदा वाद घातला होता. जाऊ दे.

मुंबईहून विमान उडालं आणि थोड्याच वेळात समुद्रात पडलं. तार आली तेव्हा यांना दुकानाचं कुलूपसुद्धा लावता येईना. मी लावलं. मुंबईला मीच जायचं हे तिथेच ठरलं. तू म्हणालीस, "मीबी येतो. मले घरी ठेवलं तं मी विहिरीवर जाऊन बसीन." ही धमकी होती की विनंती, मला कळलं नाही. तुला बरोबर घेतलं.

भंडारा रोडला गाडीत चढलो तर रामाची आई, गिरजामाय, तिथेच बसलेली. सोबत आसगावचे पाटील. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. तुझ्या आवाजावरून तिने तुला ओळखलं आणि मुंबई येईपर्यंत तुझा हात सोडला नाही.

तिथे आपल्यासारख्यांना एका मोठ्या सभागृहात बसवलं होतं. कोण रडत होतं, कोण कोणावर ओरडत होतं, कोण नुसतं छताच्या पंख्याकडे बघत होतं. कोणत्या टेबलावर काय विचारायचं ते मी शोधून काढलं. इंग्रजीत बोलणाऱ्या माणसाला सांगितलं, हिंदीत बोला, तर तो बोलला. बिचारा स्वतःच थकून गेला होता. मी टेबलं सांभाळली, तू माणसं सांभाळलीस. केरळकडची एक बाई होती, तिची भाषा आसपास कोणालाच येत नव्हती. ती काही खात नव्हती. तू घरचा चिवडा काढलास आणि तिच्याशी सरळ आपल्या बोलीत बोलायला लागलीस. "खा वो थोडंसं. मी पण खातो. हे पाह्य." ती खायला लागली. मी तुला म्हटलं, "तिला काय समजतंय तुझं?"

"मले तरी कुठं काय समजून राहिलं, बाई?"

गिरजामाय एकच बोलत होती. तिचा नवरा, रामाचा बाप, वैनगंगेच्या पुरात गेला होता आणि सापडला नव्हता. माणूस सापडला नाही की आपल्याकडे पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. तसा तिने दिला होता. "एक पुतळा जाळला मी," ती ज्याला त्याला सांगत होती. "पानं जाळले वो, माणूस नाई जाळला. आता दुसरा नाई जाळनार. मले माझ्या पोट्ट्याचं काहीबी द्या. हाड द्या एक." पाटील तिला गप्प करत होते. तू पाटलांना गप्प केलंस.

मग आपल्याला बोलावलं. टेबलावर एक कापडाचा तुकडा होता, निळ्या रेघांचा, मीठ सुकून ताठ झालेला. मला कॉलरला शिवलेली शिंप्याची चिठी वाचायची गरजच नव्हती. तागा आपला होता. पण चिठीही होती, तुमसरच्या शिंप्याची. तो माणूस म्हणाला, या सदऱ्यातला एकच माणूस मिळाला आहे. चेहऱ्यावरून ओळखता येणार नाही. घरच्यांपैकी कोणीतरी एकानेच आत यावं.

एक माणूस आणि दोन घरं. हे त्याला समजावून सांगायला मला बराच वेळ लागला. त्याला वाटलं आपण एकाच घरच्या बायका.

मी उठले होते, शांता. मी म्हटलं, मी जाते. पण गिरजामायने तुझा हात ओढला. "पोरी, तू जा. तू दोघाइले ओळखतं. माझे डोळे नाई, तू पाह्य." आणि तू मला म्हणालीस, "तुमी मायजवळ बसा."

तू आत किती वेळ होतीस ते मला सांगता येणार नाही. बाहेर आलीस ती आधी नळावर गेलीस. तोंड धुतलंस, पदराने पुसलंस. मग येऊन गिरजामायच्या पायाशी बसलीस.

"माय, रामा हाय. तुमचा रामाच हाय."

माझ्याकडे पाहिलं नाहीस.

तिने जो हंबरडा फोडला तो मला अजून ऐकू येतो. "सापडला वो, सापडला माझा!" जणू जत्रेत हरवलेलं पोर हाती लागलं. बाकावर बसलेली बाकीची माणसं तिच्याकडे पाहत होती. रडणाऱ्या बाईचा लोकांना हेवा वाटताना मी त्या एकाच जागी पाहिलं.

अग्नी तिथेच दिला, पाटलांच्या हातून. त्याआधी तू विचारलंस, "माय, मी तांदूळ टाकू?" ती म्हणाली, "टाक, पोरी. वहिनीच म्हणे तो तुले." तू तांदूळ टाकलेस. मी पाहत होते. वहिनीसारखे टाकले नाहीस.

राख आपल्या वैनगंगेत सोडायची म्हणून ती पवनीला उतरली. त्यातली थोडी तिने गावाकडे नेली. आणि आपण घरी आलो, रिकाम्या हाताने.

आता माझी बाजू ऐक. तू मला कधी सलग बोलू दिलं नाहीस, आता ऐकावंच लागेल.

ज्यांची माणसं सापडली नव्हती ती घरं वाट पाहत राहिली. त्या केरळच्या बाईने कोणाकडून तरी एक पत्र लिहवून घेतलं होतं, एखाद्या बोटीने उचललं असेल असं तिला वाटत होतं. माणसाचं मन तसंच असतं. बघितल्याशिवाय सुटत नाही. आणि तू? घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंना म्हणालीस, "आई, पुतळा करून टाका."

सासूबाई तुझ्या अंगावर धावून आल्या. "लेकरू सापडाचं हाय अजून! अन् तुले कायची घाई झाली वो? कोनाच्या घरी जाऊन बसाचं हाय?"

 गल्लीत लोक काय बोलत होते ते तुझ्याही कानावर येत होतं आणि माझ्याही. नवऱ्याची वाट चार दिवस पाहवली नाही हिला. तू पाणी भरत होतीस, भांडी घासत होतीस आणि गळ्यातलं स्वतःच्या हाताने काढून देवापुढे ठेवलं होतंस.

शेवटी यांनी पुतळ्याला हो म्हटलं आणि पळसाची पानं आणायला आपण दोघी तलावाच्या पाळीवर गेलो. तिथे मी पहिल्यांदा विचारलं.

"आत कोण होतं?"

"सांगतलं ना तुमाले."

"मधूच्या मनगटावर बॉयलरने भाजल्याचा डाग होता."

"पान्यात सारेच डाग सारखे होते, बाई."

"मग रामा कसा ओळखलास?"

तू एक फांदी खाली ओढलीस. "मी कायची ओळखतो? त्याच्या मायनं ओळखला."

"तिला दिसत नाही."

"म्हनूनच," तू म्हणालीस आणि पानं पदरात भरायला लागलीस.

पुतळा बांधताना विधीला आलेले महाराज शास्त्र सांगत होते. ज्याचा पुतळा जाळला तो पुढे जिवंत परत आलाच, तर त्याचा नवा जन्म झाला असं धरायचं. बारशापासून सगळे संस्कार पुन्हा. त्याच बायकोशी लग्नसुद्धा पुन्हा. तू मान वर केलीस. "म्हंजे पहिले पाळना, मंग मुंज, मंग लगन? तोवर माझे दात पडतीन, महाराज." महाराजांना हसू आवरेना. यांनाही. सासूबाई उठून आत गेल्या आणि कित्येक महिने तुझ्याशी बोलल्या नाहीत.

मी हसले नाही. जिला थोडीशी जरी आशा असते तिच्या तोंडून असा विनोद निघत नाही. त्या क्षणी मला कळलं, की तू आत मधूलाच पाहिलंस.

आता हे मी सिद्ध करू शकत नाही. म्हणून तर तुझ्याशी भांडत राहिले.

पुढे तू दुकानात माझ्याबरोबर बसायला लागलीस. मीटरपट्टीच्या पुढे एक वीत कापड सोडून कात्री लावायचीस. मी ओरडायचे. "दुकान धर्मशाळा आहे का?" तू म्हणायचीस, "लुगडं आखूड पडलं तं ते बाई काय मले विचाराले येईन?" गिऱ्हाईक तुझ्याकडेच जायचं. मी नुसती रिकामी. दुसऱ्याचं देताना तुझा हात कधी आखडला नाही, हेच तर माझं म्हणणं होतं. मधू तुझा नवरा होता, कबूल. पण तो सासूबाईंचा मुलगा होता. यांचा भाऊ होता. माझाही कोणीतरी होता. एका अनोळखी बाईला तो देऊन टाकायचा हक्क तुला एकटीला कोणी दिला?

सासूबाई पुतळ्याला कधी मानल्या नाहीत. पाच वर्षं झाली, सात झाली, तरी पितृपक्षात त्या मधूचं पान वाढू द्यायच्या नाहीत. त्यांच्या शेवटच्या आजारात मात्र त्यांना तुझ्याशिवाय कोणी चालेना. मी पाजलेलं औषध त्या थुंकायच्या, तुझ्या हातचं घ्यायच्या. एका दुपारी त्यांनी विचारलं, "शांते, मधू कुठंसा हाय गं?"

तू त्यांचं तोंड पुसत होतीस. "वैनगंगेत हाय, आई. मी पायलं."

त्यांनी "बरं" म्हटलं आणि डोळे मिटले. त्यानंतर त्यांनी कधी विचारलं नाही. मी दारात उभी होते. तुला ओढतच स्वयंपाकघरात नेलं.

"काय पाहिलंस?"

"पुतळ्याची राख. तुमीबी होत्या ना."

"शांता, त्या आई आहेत त्याच्या. मरणाच्या दारात आहेत. त्यांना तरी खरं सांग."

"आता सांगतलं ना."

"इतकी वर्षं का नाही सांगितलं?"

तू कळशी उचललीस. "आईपाशी रडाले चार जनं होते, बाई. तुमी होत्या. मी होतो."

"हे उत्तर नाही."

"उत्तर नाईच ते. मी पान्याले चालली."

आणि गेलीस. घरात पाणी भरलेलं होतं.

एका उन्हाळ्यात माझ्या मुलीला कांजिण्या आल्या तेव्हा तू तिचं किती केलंस, यांच्या पायाच्या दुखण्यात किती रात्री काढल्यास, ते मी लिहीत बसत नाही. मी तुझी कधी स्तुती केली नाही. तुला ती पचली नसती. पण घरात तू आहेस म्हणून मी दुकानाच्या खरेदीला नागपूरला निश्चिंत जात होते. आता परवा जायचं आहे आणि मागे कोणाला ठेवू ते कळत नाही.

दर वर्षी भाताच्या रोवणीच्या आधी तू आसगावला जायचीस. गिरजामायने तिथे बांधावर, मोहाच्या झाडाखाली, रामाच्या नावाचा मातीचा ओटा घातला आहे. आणलेली राख त्याच्या खाली आहे. एका वर्षी मी तुझ्याबरोबर आले. तू तो ओटा सारवत होतीस. शेणाचा हात एका दिशेने, मग दुसऱ्या दिशेने, कोपऱ्यांत बोटांनी. घरची जमीन तू इतक्या घाईने सारवायचीस की पोपडे उडायचे. तिथे तुला घाई नव्हती. सारवून झालं की तू ओलाच हात त्यावर ठेवून बसलीस. तुझं तोंड मला दिसत नव्हतं आणि मी समोर जाऊन पाहिलं नाही. मला वाटलं होतं, परत येताना बसमध्ये विचारू. बसमध्ये तू झोपून गेलीस. झोपल्याचं सोंग तुला चांगलं यायचं.

गिरजामाय तुझ्या तेरवीला आली. आता तिला अजिबात दिसत नाही. गावातल्या कोणीतरी तिला बसमध्ये बसवून दिलं आणि स्टँडवरून रिक्षावाल्याने दुकानापर्यंत आणून सोडलं. जेवली नाही. पंगत उठली, सगळे पांगले, तेव्हा तिने मला हाताने चाचपून जवळ बसवलं.

"बाई, एक इचारतो. राग नोका मानू."

"विचारा, माय."

"ते पोरगी दर साली येऊन ओटा सारवे. सून असती माझी तं तिनंबी असा सारवला नसता. मी कानानं आयकतो ना हात फिरताना." तिने माझं मनगट धरलं. "खरं सांगा. तो माझा रामा होता का तिचा मानूस?"

शांता, इतकी वर्षं ज्या प्रश्नासाठी मी तुझा जीव खाल्ला तोच प्रश्न घेऊन ती माझ्यापुढे बसली होती. खरं बोलावं, ज्याचं त्याला द्यावं, हे मी तुला शंभर वेळा ऐकवलं होतं. माझ्याकडे पुरावे तयार होते. तुझा विनोद, तुझी घाई, सासूबाईंना दिलेलं उत्तर. सगळं ओळीने सांगता आलं असतं. म्हातारीचे हात माझ्या मनगटावर होते आणि ते मनगट चाचपत होते, कापड पारखताना लोक चाचपतात तसे. आत जाऊन पाहायला आता ती कोणाला पाठवू शकत नव्हती आणि तू तर गेलेली.

मी म्हटलं, "रामाच होता, माय."

"तिनं सांगतलं तुमाले?"

"हो. तिनं नीट पाहिलं होतं. माझ्याजवळ ती कधी खोटं बोलली नाही."

माझ्या आवाजात काही कमी-जास्त झालं नाही. तुला आश्चर्य वाटलं असतं. मलाही वाटलं.

गिरजामायने माझं मनगट सोडलं. मग तिने नाक शिंकरलं. "मंग ते पोरगी लई मायेची होती," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या पोरासाठी इतकं कोन करते?" आणि लगेच, "काही उरलं असन तं वाढा, बाई. आता भूक लागली."

मी पान वाढलं. तिने सगळं खाल्लं, जास्त शिजलेला भातसुद्धा. पाणी प्यायल्यावर विचारलं, "या साली ओटा कोन सारवन?"

"मी येईन."

"तुमाले येते का सारवाले?"

"नाही येत चांगलं."

"मंग मी सांगीन तसं करा," ती म्हणाली. स्टँडवर बसमध्ये बसवून दिली तेव्हाही खिडकीतून ओरडून सांगत होती, शेण गायीचंच आणा, म्हशीचं नको.

हे कागद ती असेपर्यंत कपाटाबाहेर काढणार नाही. यांनाही दाखवणार नाही. त्यांनी भावाला नदीत पुतळा म्हणून सोडला आहे, तो तसाच राहू दे.

तुझी आणि माझी गोष्ट मात्र तशीच राहिली. मी तिला जे सांगितलं त्याने तू बरोबर ठरलीस असं समजू नकोस. सासूबाईंचं तू नुकसान केलंस असं मी अजून म्हणते, आणि समोर असतीस तर आत्ताही म्हटलं असतं. फक्त तू बाहेर येऊन नळावर तोंड का धुतलंस, ते मला परवा समजलं. म्हातारीला बसमध्ये बसवून मी घरी आले आणि आधी मोरीत गेले.

रोवणीला अजून वेळ आहे. बांधावर बसून मी त्याला काय हाक मारायची, एवढंच ठरायचं आहे. त्याच्या डोक्याला तेल लावताना मी जी मारायचे ती गिरजामायसमोर मारता येणार नाही. मनातल्या मनात मारीन. तूही तसंच करत असशील.